ड्राइव्हच्या मागच्या चार पिना: डिस्क दुसऱ्याच्या हातात देण्याआधी काय करायचं

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या चरईतले एक सीए वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यावर आले. लॅपटॉपमध्ये पाणी शिरून मदरबोर्ड गेला होता. हार्ड डिस्क त्यांनी काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली होती. म्हणाले, "ताई, डिस्कची मला काळजी नाही, तिला पासवर्ड आहे. विंडोज सुरू व्हायच्या आधीच विचारतो. भंगारात गेली असती तरी कुणाच्या कामाची नव्हती. गेल्या वर्षीचे रिटर्न त्यात आहेत म्हणून आणली, एवढंच."

मी संमतीच्या कागदावर त्यांची सही घेतली, त्यांना शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि डिस्क टेबलावर जोडली. चाळीस मिनिटांनी त्यांच्या क्लायंटची पॅन कार्डं माझ्या स्क्रीनवर होती. पासवर्ड मी त्यांना विचारलाच नव्हता. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे हे कुणालाही जमेल?" कुणालाही नाही जमणार, पण माझ्यासारख्या शेकडो जणांना जमेल, आणि ते सगळे आधी सही घेतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

मी ठाण्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकले. सुरुवातीची काही वर्षं महापेच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये काढली आणि आता डेटा रिकव्हरीचं काम करते. ज्या वाटेने मी तुमचा डेटा वाचवते, त्याच वाटेने तो चोरताही येतो. ही वाट कुठे असते आणि आपल्या बाजूने ती कशी बंद करायची, ते इथे सांगते. छोटी ऑफिसं, दवाखाने, क्लासेस आणि सोसायटीचे सेक्रेटरी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

आधी डिस्क उलटी करून बघा

साडेतीन इंची हार्ड डिस्कच्या साटा कनेक्टरशेजारी, म्हणजे डेटाची तार जोडायच्या जागेशेजारी, बऱ्याचदा चार उघड्या पिना असतात. लोकांना त्या जंपरच्या वाटतात. अनेक मॉडेलमध्ये त्या डिस्कच्या स्वतःच्या कॉम्प्युटरशी बोलायच्या असतात. डिस्क हा मुळात एक छोटा कॉम्प्युटरच आहे: प्रोसेसर, रॅम आणि फर्मवेअर (डिस्क चालवणारा तिच्या आतला प्रोग्रॅम) हे सगळं त्या हिरव्या बोर्डावर असतं. कारखान्यात डिस्क तयार झाली की तासन् तास तिची तपासणी चालते. त्या वेळी ती काय म्हणते हे ऐकायला आणि तिला हुकूम द्यायला ही सिरियल लाइन ठेवलेली असते. एक पिन बोलायची, एक ऐकायची, एक ग्राउंड. काही कंपन्यांनी नव्या मॉडेलमध्ये हे टर्मिनल कुलूपबंद केलंय, पण जुन्या डिस्का अजून हजारो कपाटांत पडून आहेत.

दुसरा दरवाजा जेटॅगचा. १९९० साली आयईईई ११४९.१ या नावाने त्याचं मानक ठरलं. बोर्डावरचे सांधे नीट जुळलेत का हे तपासण्यासाठी ते केलेलं होतं, पुढे त्याच तारांवरून प्रोसेसर थांबवणं, त्याची मेमरी वाचणं आणि बदलणं सुरू झालं. एसएसडीमध्ये, म्हणजे चकतीऐवजी मेमरी चिपा असलेल्या ड्राइव्हमध्ये, जेटॅगच्या पिना सहसा नसतात. स्टिकरखाली किंवा कडेला ओळीने चार-पाच गोल सोनेरी ठिपके दिसतात, तेच ते. एमटू कार्डाला, म्हणजे पातळ पट्टीसारख्या एसएसडीला तर डबाही नसतो, स्टिकर उचकटला की ठिपके समोर. तिसरा प्रकार आमच्या धंद्यात रोजचा: काही एसएसडी आणि पेन ड्राइव्हवर दोन ठरावीक बिंदू चिमट्याने जोडून करंट दिला, की कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी मुख्य चिप, नेहमीचं फर्मवेअर बाजूला ठेवून कारखान्यातल्या अवस्थेत जागा होतो.

हे दरवाजे कुणी कपटाने ठेवलेले नाहीत, हे मी मनापासून सांगते. २००८च्या शेवटी सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्का एके दिवशी सुरू होता होताच अडकायला लागल्या. बायोसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला, त्या दिसतच नव्हत्या, आत डेटा मात्र जसाच्या तसा. कंपनीने जानेवारी २००९मध्ये सुधारित फर्मवेअर दिलं, पण आधीच अडकलेली डिस्क ते घेणार कशी? तेव्हा जगभरच्या लोकांनी याच पिनांना कॉम्प्युटरशी जोडणारी यूएसबी-टीटीएलची तार लावली, बोलण्याचा वेग म्हणजे बॉड रेट ३८४०० ठेवला, बोर्ड आणि मोटरच्या संपर्कामध्ये कागदाचा कपटा सरकवला आणि हुकूम टाइप करून डिस्का जिवंत केल्या. कुणाच्या बाळाचे फोटो, कुणाचा प्रबंध. या पिना नसत्या तर ते सगळं गेलं असतं. म्हणून पिना कापून टाका किंवा त्यावर इपॉक्सी ओता असा सल्ला मी देत नाही. वॉरंटी जाते, उद्या दुरुस्ती लागली तर माझाही रस्ता बंद होतो, आणि ज्याला यायचंच आहे तो ट्रेस, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, खरवडून येतोच. दरवाज्याशी झगडण्यापेक्षा आत आलेल्याच्या हाती काही लागणार नाही अशी व्यवस्था करायची.

पासवर्ड आणि किल्ली एक नव्हेत

सीएंच्या डिस्कला होता तो एटीए पासवर्ड. बायोसमधून लावता येतो. साध्या डिस्कमध्ये तो डेटा एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलत नाही. डिस्कचं फर्मवेअर फक्त म्हणतं, पासवर्ड सांगा, नाहीतर मी वाचून देणार नाही. प्लॅटरवरचा, म्हणजे डिस्कच्या फिरत्या चकतीवरचा, मजकूर उघडाच असतो आणि पासवर्डही त्याच प्लॅटरवर कंपनीने राखून ठेवलेल्या पट्ट्यात लिहिलेला असतो. फर्मवेअरला बाजूला सारता आलं की गोष्ट संपली.

तुम्ही म्हणाल, आमची एसएसडी स्वतः एन्क्रिप्ट करते, डब्यावर तसं छापलंय. इथे जरा थांबते, कारण चांगली शिकलेली माणसंही इथेच फसतात. नोव्हेंबर २०१८मध्ये नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड फान खास्टेल यांनी क्रुशल आणि सॅमसंगच्या काही एसएसडींचा अभ्यास जाहीर केला. क्रुशलच्या एमएक्स१००, एमएक्स२००, एमएक्स३०० आणि सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ, ८५० ईव्हीओ, टी३, टी५. यातल्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये त्यांना जेटॅग उघडं सापडलं. एन्क्रिप्शन खरंखुरं होतं, एईएस या भरवशाच्या पद्धतीचंच होतं. चूक दुसरीकडे होती. अनेक ठिकाणी डेटाची किल्ली पासवर्डपासून बनलेली किंवा पासवर्डने बांधलेली नव्हती, ती ड्राइव्हमध्येच ठेवलेली होती. पासवर्ड बरोबर की चूक हे तपासणारा फर्मवेअरचा तुकडा बदलला, की कुठलाही पासवर्ड चालायचा.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. घराची किल्ली त्याच्याच खिशात आहे आणि नाव बरोबर सांगितलं तर तो दार उघडून देतो. आता वॉचमनलाच कुणी "येईल त्याला हो म्हण" असं पढवलं, तर तुमचं नाव गुप्त ठेवून काय उपयोग? किल्ली तुमच्या पदरात हवी. वॉचमन फितूर झाला तरी त्याच्याकडे द्यायला काही असू नये.

त्या वेळी बिटलॉकर, म्हणजे विंडोजची ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायची सोय, गप्पपणे काय करायचं माहीत आहे? ड्राइव्ह म्हणाला "मी स्वतः एन्क्रिप्ट करतो", तर बिटलॉकर सगळं काम त्याच्यावर सोपवून मोकळं व्हायचं. वापरणाऱ्याला वाटायचं, विंडोजचं एन्क्रिप्शन चालू आहे. सप्टेंबर २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने हे बदललं. तेव्हापासून आपणहून सांगितल्याशिवाय बिटलॉकर सॉफ्टवेअरनेच एन्क्रिप्ट करतं. पण आधी एन्क्रिप्ट झालेल्या मशिनी त्या अपडेटने आपोआप बदलल्या नाहीत. जुन्या मशिनी ऑफिसात असतील तर आजच बघा.

तपासायचं कसं, बदलायचं कसं

कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत टाइप करा: मॅनेज, हायफन, बीडीई, एक जागा सोडून हायफन स्टेटस. प्रत्येक ड्राइव्हची माहिती येते. त्यात एन्क्रिप्शन मेथड ही ओळ शोधा. तिथे एक्सटीएस-एईएस १२८ किंवा २५६ लिहिलं असेल तर काम विंडोज करतंय, ठीक. हार्डवेअर एन्क्रिप्शन असं असेल तर तुमचा भरवसा वॉचमनवर आहे. काहीच नसेल तर दार सताड उघडं आहे. मी बघितलेल्या छोट्या ऑफिसांत हा तिसरा प्रकारच जास्त.

हार्डवेअरवर असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर या विंडोजच्या सेटिंगच्या साधनामध्ये बिटलॉकरच्या विभागात जाऊन हार्डवेअर एन्क्रिप्शनची पॉलिसी डिसेबल करा. सिस्टिम ड्राइव्ह, आतले इतर ड्राइव्ह आणि काढता येणारे ड्राइव्ह, तिघांसाठी ती वेगवेगळी आहे. पण नुसती पॉलिसी बदलून जुना ड्राइव्ह बदलत नाही. बिटलॉकर पूर्ण बंद करा, डिक्रिप्शन संपू द्या, मग पुन्हा चालू करा. फॉरमॅट करायची गरज नाही. आधी बॅकअप मात्र घ्याच. नव्याने चालू करताना फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह असं विचारतं. मशिन वापरातली असेल तर पूर्ण ड्राइव्ह निवडा, कारण पुसलेल्या फाइलींचे अवशेष मोकळ्या दिसणाऱ्या जागेतच असतात. हार्ड डिस्कला रात्र जाते. वागळेत किंवा टीटीसी औद्योगिक पट्ट्यात ऑफिस असेल तर देखभालीसाठी वीज जायचा वार टाळा आणि लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा.

विंडोज होममध्ये बिटलॉकरचा पूर्ण पसारा नाही. तिथे व्हेराक्रिप्ट वापरा, फुकट आहे. लिनक्सवाल्यांना त्यांचं एन्क्रिप्शन, लक्स, माहीत असतंच. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू आहे ना एवढं बघा.

आता दुसरा पिन, म्हणजे मशिन सुरू करताना टाकायचा गुप्त आकडा. बिटलॉकरची किल्ली टीपीएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये असते आणि नुसता टीपीएम असेल तर मशिन सुरू करताच ती आपोआप बाहेर येते. चिप वेगळी असेल तर ती किल्ली बोर्डावरच्या तारांवरून प्रोसेसरकडे जाते, आणि तारेवरचं बोलणं ऐकता येतं. फेब्रुवारी २०२४मध्ये एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिकोचा बोर्ड टेकवून एका जुन्या लॅपटॉपची किल्ली ४३ सेकंदांत काढून दाखवली. पिना वेगळ्या, दुखणं तेच. म्हणून सुरू होतानाचा पिन लावा: ग्रुप पॉलिसीत सिस्टिम ड्राइव्हच्या विभागात सुरुवातीला जादा ओळख मागण्याची पॉलिसी आहे, ती चालू केली की टीपीएम आणि पिन असा पर्याय मिळतो. रोज सकाळी सहा-आठ आकडे दाबायचा कंटाळा येतो हे खरं. ज्या मशिनवर दुसऱ्यांचे आधार, पॅन किंवा रिपोर्ट आहेत तिथे तो कंटाळा सोसायलाच हवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मी दंडाची भीती घालत नाही. त्या रिपोर्टवर कुणाच्या तरी आईचं नाव असतं.

आणि रिकव्हरी की, म्हणजे नेहमीच्या मार्गाने ड्राइव्ह उघडला नाही तर लागणारी राखीव किल्ली. ४८ आकड्यांची असते. ती कागदावर छापा, दोन प्रती करा, लॅपटॉपच्या बॅगेत एकही ठेवू नका. मी कळकळीने सांगते कारण ही किल्ली हरवलेली माणसं माझ्यासमोर रडलेली मी पाहिली आहेत आणि मला त्यांना परत पाठवावं लागलंय. नीट एन्क्रिप्ट केलेला डेटा मीही काढू शकत नाही. एन्क्रिप्शनचा आग्रह धरते तेव्हा माझं एक गिऱ्हाईक कमी होतं हे मला कळतं, तरी आग्रह धरते. फक्त किल्ली आणि बॅकअप सांभाळा.

दुरुस्तीला देताना

सर्व्हिस सेंटरला मशिन देताना ती पूर्ण बंद करून द्या. झोपेच्या अवस्थेत, म्हणजे नुसतं झाकण मिटून दिलेल्या लॅपटॉपच्या रॅममध्ये किल्ली तशीच असते. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी अशा कामाला ड्राइव्ह लागत नाही, काढून घरी ठेवा. कारागिराला "टेस्टिंगला लागेल" असं वाटलं तर रिकामा ड्राइव्ह द्या.

वॉरंटीत बदलून मिळणारा मेलेला ड्राइव्ह ही खरी धोक्याची जागा. महापेला असताना परत आलेल्या ड्राइव्हचं एक खोकं माझ्या टेबलाशेजारी असायचं. सगळे "डेड" असा शेरा असलेले. एकदा वरिष्ठांनी सरावासाठी म्हणून एक उचलून दिला. पिनांना तार लावली, दोन हुकूम दिले आणि डिस्क फिरायला लागली. आत एका कुटुंबाचं लग्न, घराच्या कर्जाचे कागद आणि मुलीच्या शाळेचे दाखले. मी खिडकी बंद केली आणि ड्राइव्ह पुसला. पण त्या खोक्याला कुलूप नव्हतं, आणि त्या मजल्यावर किती लोक येत-जात होते ते मला आजही आठवतं. मेलेला ड्राइव्ह म्हणजे मेलेला डेटा नव्हे. शिवाय मेलेला ड्राइव्ह तुम्हाला पुसताही येत नाही, म्हणून एन्क्रिप्शन पहिल्या दिवशीच लावायचं. ते लावलेलं नसेल तर हिशोब करा: चार-पाच हजारांचा नवा ड्राइव्ह मोठा की आतला मजकूर? काही कंपन्या मोठ्या ग्राहकांना खराब ड्राइव्ह स्वतःकडेच ठेवायची सेवा विकतात. सर्व्हर घेताना ती मागून घ्या.

दरवाजा आतलं काढून न्यायलाच वापरतात असंही नाही. २०१३ साली नेदरलँड्समध्ये ओएचएम नावाचं हॅकर्सचं शिबिर भरलं होतं. तिथे येरून डोम्बर्ग यांनी एका हार्ड डिस्कच्या कंट्रोलरमध्ये जेटॅगने शिरून दाखवलं. आत तीन प्रोसेसर कोर निघाले. त्यांनी फर्मवेअर असं बदललं की लिनक्सची पासवर्डची फाइल वाचायला मागितली की डिस्क परस्पर बदललेली फाइल द्यायची. डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने टाकलं, तरी फर्मवेअर जागचं हलत नाही. म्हणून दुरुस्तीला जाऊन आलेल्या महत्त्वाच्या मशिनीकडे थोडं लक्ष द्या. मी रबाळे, महापेच्या ऑफिसांना एक साधी गोष्ट शिकवते: सर्व्हरच्या स्क्रूवर चमकी असलेल्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावा आणि मोबाइलने जवळून फोटो काढून ठेवा. चमकीची नक्षी पुन्हा तशीच जमवता येत नाही. सहा महिन्यांनी फोटो काढून ताडून बघा. खर्च पन्नास-साठ रुपये.

जुने ड्राइव्ह विकत घेताना हीच गोष्ट उलट्या बाजूने. कारखान्याच्या हुकुमांनी वापराचे तासही शून्यावर नेता येतात. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्का नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतः ठेवते त्या वापराच्या नोंदीचे, आकडे कोरे होते, पण फार्म नावाची दुसरी नोंद शाबूत होती. स्मार्टसीटीएल या साधनाच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन्ही ठिकाणचे तास जुळत नसतील तर डिस्क परत करा.

टाकून देताना

हातोडीने हिरवा बोर्ड फोडून आणलेल्या हार्ड डिस्का माझ्याकडे येतात. लोकांना वाटतं, संपलं. बोर्डावर डेटा नसतोच. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड घेऊन जुन्याची रॉम चिप (त्या डिस्कची खास माहिती असलेली) त्यावर चढवली की डिस्क चालू शकते. फोडायचे ते प्लॅटर. अडीच इंचीमध्ये ते बहुधा काचेचे असतात, आरपार भोक पाडलं की चुरा होतो. चष्मा आणि हातमोजे घाला. साडेतीन इंचीमध्ये बऱ्याचदा ॲल्युमिनियमचे, तिथे तीन-चार भोकं पाडा.

एसएसडीला चुंबकाने काही होत नाही. डबा उघडून प्रत्येक काळी मेमरी चिप फुटली पाहिजे, एकही अख्खी राहता कामा नये. चालू ड्राइव्ह कुणाला द्यायचा असेल तर कंपनीच्या साधनातून सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइज करा. फाइली ओतून भरून टाकल्याने एसएसडी पुसली जात नाही, कारण कंट्रोलरने राखून ठेवलेल्या जागेपर्यंत तुम्ही पोचतच नाही. सिक्युअर इरेजही शेवटी फर्मवेअरच करतं, त्यामुळे आधीपासून एन्क्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवर ते केलेलं बरं. मग तुकडे नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरला द्या आणि पावतीवर ड्राइव्हचे सिरियल नंबर लिहून घ्या. गोणी वजनावर देऊ नका.

चरईचे सीए पुढच्या आठवड्यात नवा लॅपटॉप घेऊन आले. माझ्याच टेबलावर बसून त्यांनी स्टेटसची कमांड टाइप केली, एन्क्रिप्शन मेथडची ओळ दोनदा वाचली, पिन लावला. रिकव्हरी कीच्या दोन प्रती छापून दोन पाकिटांत घातल्या. एक बँकेच्या लॉकरमध्ये जाणार, दुसरं बदलापूरला बहिणीकडे. निघताना जुनी डिस्क मागायला लागले. मी ती त्यांच्यासमोरच व्हाइसमध्ये धरली आणि ड्रिल त्यांच्या हातात दिलं.